‘एसीत गॅस दरवर्षी भरावाच लागतो’ हे कुणी सांगितलं?

नागपूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर राहतात. घरात सासरे आहेत, वय ७६, हृदयविकाराची औषधं चालू. मागच्या मे महिन्यात कूलर लावूनही त्यांना रात्री दोनदा चक्कर आली. ‘खोली थंड ठेवा,’ असं डॉक्टरांनी बजावलंय. यजमानांच्या मित्राकडचा दहा-बारा वर्षं जुना दीड टनी स्प्लिट एसी आठ हजारांत मिळतोय. मेकॅनिक म्हणतो, ‘एसी फर्स्ट क्लास आहे, फक्त वर्षातून एकदा गॅस भरावा लागेल, तो तर सगळ्यांनाच भरावा लागतो.’ नववीतल्या मुलीने मात्र घर डोक्यावर घेतलंय. एसी म्हणजे हरितगृह वायू, आजोबांची खोली थंड करायला पृथ्वी तापवायची का, असा तिचा सवाल. यजमानांचं म्हणणं, ‘डब्यात किलोभर गॅस, त्याने काय जग बुडतंय?’ ताई लिहितात, ‘दोघांचंही थोडं थोडं पटतं, पूर्ण कुणाचंच पटत नाही. एसी घ्यावा का, घेतला तर कोणता, आणि मनातली टोचणी कशी घालवावी?’

ताई,

आधी सासऱ्यांचं. ७६ वर्षांच्या हृदयरोग्यासाठी नागपूरच्या मे महिन्यात थंड खोली ही चैन नाही. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि शरीर थंड ठेवायला हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं. त्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी कमी पडतं. दिवसाचा ताण रात्री उतरायला हवा आणि शेवटच्या मजल्यावरचा स्लॅब नेमका रात्रीच तापलेला असतो. तेव्हा खोली थंड करायची, हे ठरलंच. कशी करायची, एवढंच बोलायचं राहतं. (गोळ्यांचा डोस आणि उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं, हे डॉक्टरांना एप्रिलमध्येच विचारून ठेवा. हृदयाच्या रुग्णांना सरसकट ‘भरपूर पाणी प्या’ सांगता येत नाही.)

मुलीचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, पण एसीतून गॅस सतत बाहेर पडत असतो असं तिला वाटत असेल तर ते तसं नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती सोडतो, की परत आत. नळी कुठे फुटली नाही तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस पंधरा वर्षांनीही तेवढाच असतो. तुमच्या घरातल्या फ्रिजमध्येही असाच गॅस आहे. त्यात तुम्ही दरवर्षी गॅस भरता का? मग एसीतच का भरावा लागतो?

याचं उत्तर एकच आहे: एसी गळतोय. मेकॅनिक गळती न शोधता वरून भरतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ही सवय आपल्याकडे इतकी मुरलीय की वार्षिक सर्व्हिसिंगच्या बिलात ‘गॅस टॉप-अप’ ही ओळ दिसली तरी कुणी काही विचारत नाही. तुमच्या घरातल्या वादाची खरी मेख इथेच आहे.

आता यजमानांचा ‘किलोभर गॅस’. सूर्यप्रकाशाने जमीन तापते आणि ती उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने वर सोडते. हवेतला ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. ते या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे वायू. यांनाच हरितगृह वायू म्हणतात. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत आज सुमारे ४२० भाग आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता. हे सगळे वायू मुळीच नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ च्या आसपास असतं. म्हणजे वायू थोडा म्हणून परिणाम थोडा, असा हिशेब इथे चालत नाही.

त्यातही एसीचे वायू वेगळे. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून किरणांचे बरेच पट्टे अडवतात, पण साधारण ८ ते १२ मायक्रोमीटरच्या दरम्यानचा पट्टा बऱ्यापैकी मोकळा राहतो. जमिनीची उष्णता थेट अवकाशात निघून जायला तीच मुख्य वाट आहे, आणि शास्त्रज्ञ तिला खिडकीच म्हणतात. एसीच्या वायूत कार्बनला फ्लोरिन जोडलेला असतो आणि हा जोड नेमका याच पट्ट्यातली उष्णता शोषतो. जिथे आधीच गर्दी आहे तिथे आणखी थोडा कार्बन डायऑक्साइड आला तर फरक हळूहळू पडतो. मोकळ्या वाटेत नवा वायू आला तर एकेक ग्रॅम जाणवतो. भारतात जन्मलेले वीरभद्रन रामनाथन यांनी १९७५ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा फ्रिज-एसीतल्या वायूंचा तापमानवाढीशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आकडे असे आहेत. शंभर वर्षांच्या हिशेबाने, एक किलो वायू हवेत सुटला तर तो किती किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप करतो? जुन्या एसीतला आर-२२ सुमारे १,८०० किलो. मधल्या काळातला आर-४१०ए सुमारे २,०९०. आज बहुतेक नव्या एसीत असतो तो आर-३२, त्याचा ६७५ (आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात तो ७७१ आहे, पण बाजारात अजून जुनाच आकडा छापतात, म्हणून इथे तोच धरलाय). आणि आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, तीनच्या आसपास. आर-३२ हवेत पाच-सहा वर्षांतच विरतो, म्हणून शंभर वर्षांच्या सरासरीत तो सौम्य दिसतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर तोही अडीच हजारांच्या घरात जातो.

इथेच ‘इको-फ्रेंडली गॅस’ या स्टिकरचा घोळ समजून घ्या. आर-३२ आणि आर-४१०ए ओझोनच्या थराला इजा करत नाहीत, म्हणून हिरवं पान छापलेलं असतं. ओझोन आणि तापमानवाढ ही दोन वेगळी दुखणी आहेत. आर-२२ दोन्ही करतो, आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही पण ताप मात्र आर-२२ पेक्षाही जास्त करतो. १९८७ चा माँट्रियल करार ओझोनसाठी झाला, आणि या दुसऱ्या दुखण्यासाठी त्याच करारात २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे आर-३२, आर-४१०ए यांच्या गटातल्या वायूंचा वापर २०२८ ला गोठवायचा, २०३२ पासून पायरीपायरीने कमी करायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा, असं ठरलंय.

आता तुमच्या घराचा हिशेब मांडू. समजा एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत ७५ रात्री, रोज आठ तास एसी चालला. म्हणजे ६०० तास. चांगला इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) तासाला सरासरी ०.७ युनिट घेईल असं धरलं तर हंगामाला सुमारे ४२० युनिट. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या कोळशाच्या संचांशेजारी राहणाऱ्यांना तो कुठून येतो हे सांगायला नको. म्हणजे विजेचे सुमारे ३०० किलो.

गॅसचं बघा. आर-३२ च्या दीड टनी एसीत साधारण ९०० ग्रॅम गॅस असतो. तो सगळा सुटला तर ६०० किलो, म्हणजे दोन हंगामांच्या विजेइतका. नळी शाबूत असेल तर यातलं दहा-बारा वर्षं काहीच हवेत जात नाही.

मित्राच्या एसीत त्या काळाप्रमाणे बहुधा आर-२२ असेल, किलोभर. तो दरवर्षी ३०० ग्रॅम गळतोय आणि तुम्ही भरताय असं धरा: ३०० ग्रॅम गुणिले १,८०० म्हणजे ५४० किलो, दरवर्षी. शिवाय जुना विना-इन्व्हर्टर एसी वीजही दीडपटीहून जास्त ओढेल. सातशे युनिट धरले तर आणखी ४९० किलो. दोन्ही मिळून हजाराच्या वर, नव्या धड एसीच्या तिपटीहून जास्त. आणि त्यातला अर्ध्याहून मोठा वाटा विजेचा नाही, मेकॅनिकच्या त्या ‘फक्त’ गॅसचा आहे. यजमानांना हे कागदावर मांडून दाखवा. विजेच्या बिलाचा आणि गॅस भरण्याचा दर वर्षाचा खर्च मांडला तर आठ हजारांचा सौदाही काही उन्हाळ्यांत महाग पडतो.

तेव्हा मित्राच्या एसीला माझा नकार आहे. आणखी एक कारण म्हणजे भारतात नव्या उपकरणांत आर-२२ वापरणं १ जानेवारी २०२५ पासून बंद झालंय, दुरुस्तीसाठीचा पुरवठाही आटत जाणार. असा गॅस महागला की भेसळ येते. आर-२२ च्या एसीत स्वयंपाकाचा गॅस किंवा भलतंच ज्वलनशील मिश्रण भरून देणारे भेटतात. तो एसी त्यासाठी बनवलेला नसतो. वायरिंगच्या खोक्यात ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

पण एसीकडे वळण्याआधी छताकडे बघा. शेवटच्या मजल्यावर निम्मी लढाई स्लॅबशी असते आणि ती सगळ्यात स्वस्तात जिंकता येते. सोसायटीची परवानगी घेऊन सासऱ्यांच्या खोलीवरच्या गच्चीला मार्चमध्ये पांढरा हात द्या. तयार परावर्तक रंग मिळतो, तो जास्त टिकतो. नाहीतर कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा फेव्हिकॉलसारखा डिंक घालून दोन हात मारा, दुसरा पहिल्याला आडवा. गच्ची आधी घासून धुतली नाही तर पोपडे निघतात, आणि चुना भिजवताना उसळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा. चुन्याचा हात पावसात धुऊन जातो, दरवर्षी करावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ग्रीन नेट किंवा बांबूची चीक बांधा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा ते बाहेर ढकलू शकत नाही.

कूलरही मोडीत काढू नका. मात्र तो कधी उपयोगाचा आणि कधी नाही, हे लक्षात घ्या, कारण मागच्या मेमध्ये काय चुकलं ते तुमच्या पत्रावरून कळत नाही. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या ताट्यांचा (बाजूच्या ओल्या गवताच्या जाळ्यांचा) कूलर २७-२८ अंशांची हवा देतो. जूनमध्ये ढग आले, ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रता झाली की तोच कूलर ३०-३१ अंशांची ओली हवा फेकतो. घाम वाळत नाही आणि माणूस कासावीस होतो. म्हणजे मे महिन्यात चांगल्या कूलरने जमायला हवं होतं. जमलं नाही तर तीन गोष्टी तपासा. ताट्या क्षारांनी दगड झाल्यात का? वुडवूलचं गवत एका उन्हाळ्यापुरतंच, दरवर्षी बदलायचं. पाणी ताटीच्या पूर्ण रुंदीवर पडतंय का? वरच्या पन्हाळीची भोकं बुजली की मधला पट्टा कोरडा राहतो आणि तिथून गरम वारा सरळ आत येतो. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे समोरची खिडकी बंद ठेवणं. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो. एसीला दारं-खिडक्या बंद लागतात, कूलरला उघड्या. घरात दोन्ही असले की ही गल्लत हमखास होते. मोठा कूलर कोरड्या उन्हात तासाला दहा लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी पितो, हेही मे महिन्याच्या नळाकडे बघून धरा.

माझा सल्ला असा: दिवसा आणि कोरड्या रात्री कूलर, आणि सासऱ्यांच्या खोलीत एक नवा एसी, तो उकाड्याच्या आणि दमट रात्रींसाठी. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या वाचकांनी मात्र कूलरचा हा भाग सोडून द्यावा. तिथल्या हवेत कूलर म्हणजे घरात वाफ.

नवा एसी घेताना स्टार मोजण्याआधी लेबलवर वर्षाचे युनिट बघा. ते १,६०० तास धरून काढलेले असतात, तुमच्या ६०० तासांना तुलनेसाठीच वापरा. स्टारचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे लेबलवरची मुदत वाचल्याशिवाय जुन्या स्टॉकचा ‘फाइव्ह स्टार’ घेऊ नका. मग बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन वाचा. आर-४१०ए असेल तर नको. आर-३२ चालेल. आर-२९० मिळत असेल आणि त्या कंपनीची अधिकृत सर्व्हिस नागपुरात असेल तर तो उत्तम. भारतात तो २०१२ पासून विकला जातोय, दीड टनाला साडेतीनशे-चारशे ग्रॅमच लागतो आणि सगळा सुटला तरी एक-दीड किलो कार्बन डायऑक्साइडइतकाच ताप. मात्र तो ज्वलनशील आहे. खोलीचं किमान क्षेत्रफळ पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पाळावं लागतं आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला त्याला हात लावू द्यायचा नाही. तशी सर्व्हिस जवळ नसेल तर आर-३२ घ्या आणि तो नीट बसवून घ्या. चांगला गॅस आणि फालतू फिटिंग यांच्यात मी दरवेळी साधा गॅस आणि चांगलं फिटिंग निवडेन.

कारण गळतीचं बी बसवण्याच्या दिवशीच पेरलं जातं. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या असतात. प्रत्येक नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवून नटाने आवळतात, त्याला फ्लेअर जोड म्हणतात. असे चार जोड. नळी कापल्यावर कडेचा कीस काढला नाही, तोंड तिरकं फाकलं, किंवा एकाच पान्याने नट पिळून नळीच वळवली, तर तो जोड कधी ना कधी गळणार. दोन पाने लागतात: एक धरायला, एक आवळायला. पान्यावर ताकदीचा आकडा दाखवणारा टॉर्क रेंच असेल तर सोन्याहून पिवळं. कमी आवळला तर गळतो आणि जास्त आवळला तर तोंडाला चीर जाते.

त्यानंतर नळ्यांत नायट्रोजन भरून दाब बघायचा. किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं, आर-३२ ला साधारण ४०० पीएसआयच्या आसपास. अर्धा तास काटा हलता कामा नये, आणि चारही जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडा बघायचा. मग नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप लावायचा. किमान वीस-तीस मिनिटं. डिजिटल गेज असेल तर ५०० मायक्रॉनच्या खाली, साध्या गेजवर काटा उणे ३० इंचांला टेकलेला. पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबायचं. काटा परत वर आला तर एकतर गळती आहे किंवा आत ओल आहे. हे सगळं झाल्यावरच बाहेरच्या युनिटचे व्हॉल्व्ह उघडायचे.

प्रत्यक्षात काय होतं? हंगामात एका जोडीला दिवसाला पाच-सहा एसी बसवायचे असतात. पंप गाडीतच राहतो. एका बाजूचा व्हॉल्व्ह किंचित उघडून एसीतल्याच गॅसच्या जोराने नळीतली हवा ‘फुस्स’ करून बाहेर काढतात, याला ते ‘पर्ज’ म्हणतात. पहिल्याच दिवशी गॅस हवेत गेला, तो वेगळाच. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल बनवते आणि ते काही वर्षांत कॉम्प्रेसर खाऊन टाकतं. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, ‘व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजन असेल तरच या.’ मेमध्ये कुणी ऐकणार नाही. फेब्रुवारीत बोलवा, तेव्हा त्यांनाही वेळ असतो.

नळी लांब असेल तर जास्तीचा गॅस लागतो, मीटरमागे साधारण १५ ते २० ग्रॅम, तोही वजनकाट्यावर मोजून. नुसता गेजचा दाब बघून भरलेला गॅस हा अंदाज असतो, कारण दाब बाहेरच्या तापमानाने बदलतो आणि इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरच्या वेगानेही. बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवणार असाल तर वर सावली करा, पण चारी बाजूंनी वारा मोकळा ठेवा. पेटीत कोंडलेलं युनिट आपलीच गरम हवा पुन्हा ओढतं.

पुढे कधी थंडावा कमी वाटला, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी फिल्टर धुवा. बुजलेल्या फिल्टरमुळेही आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो बघून ‘गॅस कमी झालाय’ असं सांगितलं जातं. फिल्टर स्वच्छ असूनही बाहेरच्या बारीक नळीच्या व्हॉल्व्हवर बर्फ दिसला, किंवा एखाद्या जोडाजवळ तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर ती गळतीची खूण. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. अशा वेळी मेकॅनिकला एकच वाक्य सांगायचं: ‘आधी गळती दाखवा, ती बंद करा, व्हॅक्यूम करा, मग पाटीवर लिहिलंय तेवढा गॅस वजनावर भरा.’ हे तो करणार नसेल तर दुसरा बोलवा. बिल जास्त होईल, पण तो खर्च एकदाच.

चालवताना २६ अंश आणि पंखा एकवर. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. त्यांच्याच नियमाने २०२० पासून स्टारचे एसी सुरू केल्यावर २४ वर येतात. वयस्कर माणसाला १८ अंशांतून ४२ च्या गॅलरीत ये-जा करणं तसंही बरं नाही.

टोचणीबद्दल विचारलंत. ती घालवायची कशाला? मुलीच्या रागाला काम द्या. घरातल्या आणि नातेवाइकांच्या प्रत्येक फ्रिज-एसीच्या पाटीचा फोटो तिने काढावा: गॅसचं नाव, वजन, गुणिले वरचा आकडा. तुमचा फ्रिज गेल्या काही वर्षांतला असेल तर त्यात बहुधा आर-६००ए निघेल, पन्नासेक ग्रॅम, ताप नगण्य. मामाकडच्या जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए निघाला तर त्याचा आकडा १,४३०. सोसायटीत दरवर्षी किती घरांत ‘टॉप-अप’ होतो, हे तिने विचारून लिहून काढलं तर आजोबांच्या एका एसीपेक्षा मोठा आकडा तिच्या हाती लागेल, आणि त्यावर सोसायटीच्या सभेत बोलता येईल. आजोबांच्या खोलीवरून भांडण्यापेक्षा ते बरं.

राहिला मित्राचा एसी. तुम्ही नाही म्हटलंत म्हणून त्यातला किलोभर आर-२२ नाहीसा होत नाही. दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही तर तो भंगारवाल्याकडे जाईल. भंगारवाल्याला तांबं हवं असतं, गॅस नाही. तो कटरने नळी तोडतो आणि मिनिटभरात १,८०० किलोचा हिशेब हवेत. तेव्हा यजमानांनी मित्राला दोन गोष्टी सांगाव्यात. एसी उतरवताना मेकॅनिककडून ‘पंप डाउन’ करून घ्यायचा: एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद. पाच-सात मिनिटांचं काम आहे, आणि त्यामुळे उतरवताना गॅस सुटत नाही. मग मोडीत काढायचाच असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राला फोन करून एकच विचारायचं, ‘तुमच्याकडे रिकव्हरी मशीन आणि सिलिंडर आहे का?’ पहिला ‘नाही’ म्हणाला तर दुसऱ्याला. गॅस त्या सिलिंडरमध्ये उतरवल्यावर उरलेलं धूड भंगारवाल्याने खुशाल न्यावं. तांब्याचे पैसे मित्राला तेवढेच मिळतील.